पोटुशीचे पडसे

कोकणातल्या गावात एखाद्या घरची सून पोटुशी आहे ही वार्ता एकदा देवळाच्या पायऱ्यांपर्यंत पोहोचली, की तिच्या उदराचा ताबा जरी निसर्गाच्या शिरस्त्याप्रमाणे तिच्याकडेच राहात असला, तरी देहाच्या उर्वरित मुलखावर सासर, माहेर, भावकी, शेजार आणि सायंकाळी देवळात टेकणारी वृद्धमंडळी या सर्वांचा सामाईक अंमल सुरू होतो. आणि या मुलखातले सर्वांत उघड्यावरचे, सर्वांत बोलके व म्हणूनच सर्वांच्या हस्तक्षेपास पात्र असे ठाणे म्हणजे तिचे नाक होय. ओकाऱ्या आल्या तर त्या रिवाजास धरून आहेत म्हणून मंजूर होतात, डोहाळे लागले तर त्यांची तरतूद होते. परंतु एक शिंक आली की अंगणातले संभाषण थांबते, दुसरी आली की चुलीवर आधण चढते, आणि तिसरी येण्याच्या आत निदान तीन घरांतून परस्परविरोधी काढे रवाना झालेले असतात.

वेळणेश्वर हे गुहागर तालुक्यातले गाव. पुढ्यात अरबी समुद्र, पाठीशी डोंगर, मध्ये माडांची आगरे आणि त्यांच्या सावलीत शंकराचे देऊळ, अशी त्याची रचना. गोखले, गाडगीळ प्रभृती अनेक घराण्यांचे हे कुलदैवत असल्यामुळे महाशिवरात्रीची यात्रा वजा जाता उरलेल्या वर्षातही पुण्या-मुंबईच्या भाविकांचा राबता चालूच असतो, आणि अभिषेक आटोपून पानावर बसायला अवकाश असला की यजमानाच्या घरी कोणाचे काय दुखते याची आस्थेने विचारपूस करणे हा तीर्थयात्रेचाच एक विधी आहे, अशी त्यांची समजूत दिसते. त्यामुळे इतर गावांतल्या गरोदर स्त्रीला जेथे केवळ स्वग्रामाचा उपदेश सोसावा लागतो, तेथे आमच्या गावातल्या स्त्रीला दादर, सदाशिव पेठ आणि क्वचित न्यू जर्सी येथपर्यंतचा उपदेश घरबसल्या प्राप्त होतो.

हे पाहुणे पुळणीवर उभे राहून छाती भरून श्वास घेतात आणि ‘काय ही शुद्ध हवा!’ असे उद्गार काढून परत जातात. हवा शुद्ध आहे, याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु ती ओली आहे, आणि मृगापासून हस्तापर्यंत तर इतकी ओली, की चामड्याच्या चपलेवर, देव्हाऱ्यातल्या पोथीवर, खुंटीवरच्या काळ्या टोपीवर आणि लग्नातल्या शालूच्या घडीवर एकच बुरशी, लहानथोर असा भेद न करता, समदृष्टीने उगवते. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी ३,००० मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो. तो नारळाला, सुपारीला, भाताला मानवतो. नाकाला मानवतोच असा करार पर्जन्याने कोणाशी केलेला नाही.

अशा या गावात आमच्या शेजारच्या खोतांच्या घरी माण तालुक्यातली सून आली. जिच्या माहेरी पावसाची वाट पाहण्यातच निम्मी नक्षत्रे सरतात, त्या मुलीला येथील पहिल्याच आषाढाने शिंकांचे सत्र लावून दिले. पहाटे उठल्याबरोबर शिंकांची माळ, पाठोपाठ नाकातून पाण्याची धार, डोळ्यांना खाज, आणि दिवस वर आला की नाक असे बंद, की बोलताना ‘म’चा ‘ब’ आणि ‘न’चा ‘द’ होऊन बाहेर पडे. ती सासऱ्यांना ‘मामंजी’ म्हणत असे, ते ‘बाबंजी’ असे ऐकू येऊ लागले. खोतांना हे नवे संबोधन मनापासून आवडल्यामुळे त्या घरात निदान एक मनुष्य तरी त्या पडशाच्या बाजूचा होता.

खोतीणकाकूंनी मात्र तत्काळ निदान केले. ‘अगो, मोहर बाधलाय तुला,’ असे त्या म्हणाल्या. आता आंब्याला मोहर येतो तो पावसाळा संपून थंडी पडल्यावर. आषाढात शिंकणाऱ्या सुनेच्या बाबतीत मोहराविरुद्ध फिर्याद गुदरणे म्हणजे गुन्ह्याच्या दिवशी परगावी असलेल्या इसमाला आरोपी करणे होय. शिवाय आंब्याचे पराग जड व चिकट असतात, ते वाऱ्याबरोबर न हिंडता माश्यांच्या पायांना चिकटून प्रवास करतात, आणि त्या माश्यांना सुनेच्या नाकात काही काम नसते. मोहराच्या दिवसांत नाकाला खरा उपद्रव होतो तो त्या उग्र वासाचा, आणि त्याहून अधिक बागाईतदार मोहरावर जे औषध फवारतात त्याचा. म्हणून फवारणी चालू असेल त्या दिवशी गरोदर स्त्रीने कलमांच्या बागेत फिरकू नये, एवढेच त्या प्रकरणातले ग्राह्य कलम आहे. वाऱ्यावर पराग उधळणारी झाडे वेगळी. किनाऱ्यावरचे सुरूचे बन हे त्यांपैकी एक. परंतु चित्रांत ते सुरेख दिसते, म्हणून त्याच्यावर कोणी संशय घेत नाही.

खरा गुन्हेगार घरातच होता आणि सून रोज रात्री त्याच्यावर डोके ठेवून निजत होती. खोतांच्या माळ्यावर आजेसासऱ्यांच्या लग्नातली कापसाची गादी होती. नव्या सुनेचा मान म्हणून ती खाली काढून, वर नवा अभ्रा चढवून, तिला अंथरून दिलेली होती. या गादीत तीन पिढ्यांचा इतिहास होता, तशीच डोळ्यांना न दिसणाऱ्या अष्टपाद जीवांची एक जुनी व भरभराटीची वसाहतही होती. हे जीव माणसाच्या अंगावरून झडलेल्या त्वचेचा कोंडा खाऊन राहतात, पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावा शोषूनच त्यांचे भागते, आणि त्यांच्या विष्ठेची धूळ नाकात गेली की ज्यांची प्रकृती त्या बाबतीत नाजूक असते त्यांना शिंका सुटतात. १९६४ च्या सुमारास हॉलंडातल्या लायडन येथील संशोधकांनी घरातल्या धुळीच्या ॲलर्जीचा माग काढीत काढीत या जीवांच्या दारात जाऊन पंचनामा केला. त्यांना दोन गोष्टी मानवत नाहीत: कोरडेपणा आणि साठ अंशांचे कढत पाणी. तेव्हा उघडीप मिळाली की गाद्या कडक उन्हात टाकाव्या, अभ्रे-चादरी दर आठवड्याला कढत पाण्यातून काढाव्या, आणि पिढीजात गादीचे पावित्र्य तिच्यावर न निजता राखावे, हा उपाय निघतो. त्याला पैसा लागत नाही आणि तो कोणाच्याही आजीने सांगितलेला नाही. या दोन कारणांमुळेच तो लवकर अंमलात येत नाही.

ही सून शिकलेली होती, आणि तिने एक अघटित कृत्य केले. दिवस जाण्याच्या आधीच ती चिपळूणच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आली. गावात याचा बोभाटा झाला, कारण डॉक्टरकडे मनुष्य आजार झाल्यावर जातो आणि स्त्री दिवस गेल्यावर जाते, हा येथील दाखला आहे. उभयतांपैकी काहीही झालेले नसताना एसटीचे भाडे खर्चणे हा उधळेपणा ठरतो. आपल्याकडे विवाह जमविताना छत्तीस गुण पाहतात, त्यात नाडी पाहतात, गण पाहतात, योनीदेखील पाहतात. परंतु ज्या नाकाने पुढे नऊ महिने दोन जिवांचा श्वास ओढावयाचा, त्या नाकाला त्या छत्तिसांत अर्धाही गुण नाही. मुलगी नाकीडोळी नीटस आहे एवढे पाहिले की नाकाची बाहेरून तपासणी पुरी होते. आतली कोणी करीत नाही.

डॉक्टरीणबाईंचे म्हणणे असे होते की नाकाची जी काही जमाबंदी करावयाची, ती पाळणा हलण्याच्या विचाराआधी करावी. ॲलर्जी नेमकी कशाची, हे शोधण्यासाठी त्वचेवर जी चाचणी करतात ती गरोदरपणात सहसा पुढे ढकलतात. नाकाचे हाड फारच वाकडे असेल किंवा आत मांसाचे कोंब वाढले असतील तर त्यांची शस्त्रक्रिया, सायनसांचे क्ष-किरण किंवा स्कॅन, हेही सर्व आधी उरकलेले बरे. आणि ॲलर्जी हळूहळू उतरविण्याची जी इंजेक्शने वर्षानुवर्षे चालतात, ती गरोदरपणात नव्याने सुरू करीत नाहीत वा त्यांची मात्रा वाढवीत नाहीत, मात्र आधीपासून सोसत आलेली असली तर ठरलेल्या मात्रेत चालू ठेवता येतात. सुनेला थोडा दमाही होता. त्यासाठी पंप लिहून दिला होता. फॉलिक ॲसिडची गोळीही त्याच वेळी सुरू झाली; तिचा नाकाशी संबंध नाही, पण ती दिवस राहण्यापूर्वीच घ्यावयाची असते, ही गोष्ट जेथे जागा मिळेल तेथे घुसडून सांगावी अशी आहे, म्हणून मी घुसडली.

यथावकाश सुनेला दिवस गेले, गाद्या उन्हात पडल्या, पावसाळा सरला, ॲलर्जी बरीचशी ओसरली. आणि तरीही सहाव्या महिन्यात नाक पुनश्च बंद झाले. शिंक नाही, ताप नाही, खाज नाही, केवळ बंद. खोतीणकाकूंनी याही वेळी मोहराकडे बोट दाखविले, आणि या खेपेस निदान मोहर आलेला होता. परंतु अपराध त्याचा नव्हता. सुमारे पाचांतील एका गर्भवतीला हा विकार होतो. गर्भारपणातल्या संप्रेरकांच्या वाढीने आणि शरीरातले रक्त जवळजवळ दीडपट झाल्याने नाकाच्या आतले अस्तर भिजत घातलेल्या वालासारखे फुगते, आणि प्रसूतीनंतर पंधरवड्याच्या आत कोणतेही औषध न घेता हा अडसर आपोआप उठतो. म्हणजे ज्या काढ्याने तो बरा झाला असे पुढे जन्मभर सांगितले जाईल, तो काढा कोणता, हे बाळंतपणाच्या आठवड्यात जो हजर असेल त्याच्या दैवावर अवलंबून आहे.

नाक आणि गर्भ यांचा हा संबंध विद्वानांच्या ध्यानात फार पूर्वी आला होता, आणि विद्वानांच्या ध्यानात एखादी गोष्ट आली म्हणजे जे व्हावयाचे ते तिचे झाले. बाल्टिमोरचे नासावैद्य जॉन मॅकेन्झी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या विषयावर गंभीरपणे लिहिले. बर्लिनच्या विल्हेल्म फ्लीस या गृहस्थांनी १८९७ साली एक ग्रंथच प्रसिद्ध करून स्त्रीच्या जननेंद्रियांची सूत्रे नाकातल्या काही विशिष्ट ठिपक्यांच्या हाती आहेत असा सिद्धान्त मांडला, आणि त्या ठिपक्यांवर कोकेन लावून व ते जाळून पोटातल्या व्यथा दूर करण्याचा धंदा आरंभिला. हे फ्लीस म्हणजे सिग्मंड फ्रॉइडचे जिवलग मित्र. तेव्हा आमच्या देवळाच्या पायऱ्यांवर जे बोलले जाते, त्याहून व्हिएन्ना-बर्लिनच्या पत्रव्यवहारात काही फार शहाणपणाचे बोलले जात होते, अशी कोणी समजूत करून घेऊ नये.

आपल्या पूर्वजांनीही नाकाचा मार्ग सोडलेला नव्हता. पुंसवन संस्कारात गर्भिणीच्या उजव्या नाकपुडीत वडाच्या कोवळ्या कोंबांचा रस पिळण्याचा विधी आहे. निरोगी माणसाच्याही नाकपुड्या काही तासांच्या अंतराने आळीपाळीने तुंबतात व सुटतात, हे आज सिद्ध आहे. तेव्हा मुहूर्ताच्या घटकेला नेमकी उजवीच बंद असली तर पुत्रलाभाची दरखास्त कोणत्या कचेरीत वर्ग होत असे, याचा खुलासा कोणा सूत्रकाराने केलेला माझ्या पाहण्यात नाही. आणि गर्भाचे लिंग तपासण्यासच १९९४ च्या कायद्याने मज्जाव केलेला असल्यामुळे तो खुलासा आता मागण्याचे कारणही उरलेले नाही. याउलट चरकसंहितेची शिस्त पाहावी. नाकावाटे औषध देऊन शिर मोकळे करण्याच्या उपचारास अपात्र कोण, याची जी यादी चरकाने दिली आहे, तीत गर्भिणीही आहे आणि ज्याला नुकतेच पडसे झाले आहे तोही आहे; म्हणजे पडसे झालेल्या गर्भिणीला त्याने एकाच यादीत दोनदा नामंजूर केले आहे. तरी आमच्या गावी तिच्या नाकात तेल सोडावयास तिघेजण वाटी घेऊन उभे असतात, आणि तिघेही चरकाचेच नाव घेतात.

नाक बंद झाल्याचा पहिला सार्वजनिक परिणाम म्हणजे सून घोरू लागली. खोतांचे घर जुने, माजघर आणि बाळंतिणीची खोली यांच्यामध्ये कुडाची भिंत. त्या भिंतीतून मध्यरात्री येणारा तो गंभीर नाद प्रथम खोतांनी ऐकला आणि बिबट्या आगरात शिरला असे समजून कंदील पेटविला. सुना घोरत नाहीत, हे घराण्याच्या अब्रूचे कलम असल्यामुळे खोतीणकाकूंनी दुसऱ्या दिवशी विहिरीवर, कोणी विचारलेले नसताना, घोरतो तो आपला मुलगा, असे प्रकट निवेदन केले. मुलगा बिचारा मुकाट राहिला. परंतु ही लपवाछपवी करण्याची गोष्ट नव्हे. गरोदरपणात नव्याने लागलेले घोरणे आणि वाढता रक्तदाब यांची संगत अनेक पाहण्यांत आढळून आली आहे. म्हणून सून घोरू लागली तर ती वार्ता विहिरीवर न नेता डॉक्टरांकडे न्यावी आणि रक्तदाब मोजून घ्यावा. बाकी उशाशी उंची देऊन, कुशीवर निजल्याने नाक पुष्कळ हलके होते. सुनेचा एकदा घोळणाही फुटला. तेव्हा नेहमीप्रमाणे ‘मान मागे टाक’ असा कोलाहल झाला, कांदा फोडला गेला, दूर्वा आणावयास पोर धावले. करावयाचे असते ते एवढेच, की ताठ बसून मान किंचित पुढे झुकवावी, नाकाचा मऊ भाग चिमटीत दहा मिनिटे धरून ठेवावा, आणि तोपर्यंत मंडळींना कांदा फोडू द्यावा.

उपायांच्या बाजूस आता वळावे. काढ्यांत अग्रमान अडुळशाचा. कुंपणाला लागलेला, कडू, फुकटचा आणि खोकल्यावर खरोखरच गुणकारी, असे सर्व सद्गुण त्याच्यात असल्यामुळे त्याच्याविषयी कोणी अविश्वास दाखवीत नाही. परंतु त्याच अडुळशातल्या व्हॅसिसीन या द्रव्यावर जम्मूच्या प्रयोगशाळेत जे संशोधन झाले, त्यात ते गर्भाशयाचे आकुंचन घडविते असे दिसून आले. वनस्पती आहे म्हणून निरुपद्रवी आहे, हा न्याय कुंपणाला लावता येतो, गर्भाशयाला येत नाही. धुरीचीही तीच कथा. शेणीच्या निखाऱ्यावर ओवा, लसणीच्या साली व वेखंड टाकून त्या धुरात दम्याच्या गर्भिणीला बसविणे म्हणजे आग लागलेल्या घरात सरपण पोहोचविण्याचा प्रकार आहे.

धुराविषयी दोन शब्द अधिक बोलणे भाग आहे, कारण आमच्याकडे नाकाचा तो खरा वैरी आहे आणि त्याचे नाव कोणी घेत नाही. फाल्गुनापासून शेतांत भाजावळ सुरू होते, राब पेटतात, आणि संध्याकाळी धुराचा एक निळसर थर माडांच्या कमरेपर्यंत येऊन ठाकतो. त्यातच पोरे अंगणात काजूच्या बिया भाजतात. हा सोहळा मी जवळून पाहिलेला आहे: फुटक्या घमेल्यात बिया टाकतात, त्या तापल्या की टरफलातले तेल फुर्रकन उडून पेटते, ज्वाळा हातभर उठतात, काळा, तिखट, डोळे फोडणारा धूर वाऱ्याच्या दिशेने नेमका ओटीवर येतो, आणि ओटीवर बसलेली झाडून सर्व मंडळी खोकत, शिंकत, डोळे पुशीत ‘वास काय खमंग सुटलाय!’ असे म्हणतात. खोतांची सून त्या वेळी उठून समुद्राच्या बाजूस गेली. तिला माणसांत मिसळता येत नाही, असा शेरा तिच्या नावावर पडला. पुरुषांच्या विडीचा धूर तर या हिशेबात धरलाच जात नाही. सुनेला मोहर बाधतो याची चिंता वाहणारे गृहस्थ ती चिंता तिच्यासमोर बसून, झुरके घेत वाहात असतात.

या सर्वांत निरपवाद निर्धोक असा उपाय एकच, आणि तो म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुणे. येथे आमच्या निवृत्त मास्तरांनी एक तर्कशुद्ध प्रश्न उपस्थित केला: औषध जर खारे पाणीच असेल, तर ज्या गावाच्या दारात परमेश्वराने अख्खा अरबी समुद्र आणून ठेवला आहे, त्या गावाने पाण्यात मीठ का कालवावे? त्यांनी तांब्या घेऊन जाण्याची तयारीही दर्शविली. उत्तर असे की आपल्या देहाशी जुळणाऱ्या खाऱ्या पाण्यात लिटरला ९ ग्रॅम मीठ असते, आणि समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५. म्हणजे मास्तरांचा तांब्या नाकाला चौपट तिखट लागला असता, शिवाय त्यातून वाळू, शेवाळ आणि होडीवाल्यांचे डिझेल यांचाही प्रसाद मिळाला असता. विहिरीचे पाणीही तसेच वापरू नये, कारण न उकळलेल्या पाण्यातला एक अमीबा नाकावाटे मेंदूत शिरल्याची, विरळा पण प्राणघातक, उदाहरणे आहेत. पाणी खळखळून निदान एक मिनिट उकळावे, गार करावे, त्याच्या कपभरात पाव ते अर्धा लहान चमचा साधे मीठ घालावे, पुढे वाकून एका नाकपुडीने आत सोडावे आणि दुसरीने येऊ द्यावे. लोणावळ्याच्या कैवल्यधामात, १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी ते स्थापन केले तेव्हापासून, योगक्रियांचा शास्त्रीय अभ्यास चालत आला आहे, आणि त्या क्रियांतलीच ही जलनेती. मास्तरांना ती फार सोपी वाटली म्हणून त्यांचा तिच्यावर विश्वास बसला नाही.

औषधांच्या बाबतीत दोन टोकांची माणसे भेटतात. पहिले टोक म्हणजे दुकानातून ‘सर्दीची गोळी’ मागून घेणारे. त्या एका गोळीत बहुधा तीन-चार औषधांची भागीदारी असते, आणि विकणारा पोरगा ती कोणासाठी हवी हे विचारीत नाही. त्यांतले स्यूडोएफेड्रिन गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत टाळावयाचे असते. आयब्युप्रोफेन वीस आठवड्यांनंतर तर नकोच. सायनस पिकला म्हणून कोणी जुनी डॉक्सिसायक्लिनची पट्टी काढून दिली तर तिचा डाग बाळाच्या दातांवर उमटू शकतो. नाक क्षणात मोकळे करणारे झायलोमेटाझोलीनसारखे थेंब तीन दिवसांपलीकडे गेले की नाक त्यांच्याखेरीज उघडेनासे होते, आणि सावकाराकडून कर्ज काढणाऱ्या कुळाप्रमाणे त्याची मुदत दर खेपेस आखूड होत जाते.

दुसरे टोक याहून सभ्य दिसते आणि म्हणून अधिक धोक्याचे आहे. ‘आता एकही औषध नको,’ असे ते म्हणते. या भयाला इतिहास आहे, हे मान्य केले पाहिजे. १९५७ मध्ये जर्मनीत बाजारात आलेले थॅलिडोमाइड गरोदर स्त्रियांना निर्धास्तपणे दिले गेले, १९६१ मध्ये ते मागे घेईपर्यंत हजारो बालके हातपाय अपुरे घेऊन जन्मली, आणि तेव्हापासून वैद्यकाने गर्भिणीच्या औषधापुढे जी सावधगिरी धरली ती योग्यच आहे. परंतु सावधगिरी म्हणजे सरसकट बंदी नव्हे. लोराटाडीन, सेट्रिझीन यांचा, आणि नाकातल्या फवाऱ्यांपैकी बुडेसोनाइडचा, गरोदर स्त्रियांतला अनुभव पुष्कळ वर्षांचा आहे व तो समाधानकारक आहे. ताप, डोकेदुखीला पॅरासिटामॉल डॉक्टरांच्या सांगण्याने घेता येते. आणि दहा दिवस उलटूनही घट्ट पिवळा स्राव, गालफडाची ठणक व ताप हटत नसेल, किंवा डोळ्याभोवती सूज आली असेल, तर अमॉक्सिसिलीनसारखी गर्भिणीस चालणारी प्रतिजैविके डॉक्टरांकडे आहेत. वाफ घ्यावी, पण पातेले मांडीवर घेऊन नव्हे.

खोतांच्या सुनेला दिवस गेल्याची खूण पटताच तिच्या माहेरच्या आत्याबाईंनी फोनवरून फर्मान काढले होते, की त्या पंपाला हातदेखील लावू नकोस. तिने तो कपाटात ठेवला. पुढे एके रात्री तिला धाप लागली, छातीत शिटी वाजू लागली, आणि खोतांनी शेजाऱ्यांची जीप उठवून, वळणावळणाच्या रस्त्याने, मागच्या बाकावर बसून जप करीत तिला चिपळुणास नेले. डॉक्टरीणबाईंनी तिला वाफेतून औषध दिले, ती शांत झाल्यावर पंप पुन्हा हाती ठेवला आणि सांगितले, ‘तुझा श्वास कोंडला की बाळाचा कोंडतो. पंपाने बाळाला काही होत नाही, दम्याने होते.’ दम्याच्या गर्भवतींपैकी साधारण तिसरा हिस्सा सुधारतो, तिसरा बिघडतो आणि तिसरा आहे तसाच राहतो, आणि आपण कोणत्या हिश्श्यात पडणार हे आधी कोणालाच कळत नाही. आत्याबाईंना ही हकीकत कळविली तेव्हा त्या म्हणाल्या, कोकणची हवाच वाईट.

सुनेला मुलगी झाली. बारशाच्या सुमारास नाक मोकळे झाले आणि ‘बाबंजी’ पुन्हा ‘मामंजी’ झाले, याची हुरहूर खोतांना अद्याप आहे. श्रेय अडुळशाला मिळाले, जो तिने घेतलाच नव्हता.

तेव्हा पोटुशी सून किंवा लेक घेऊन दर्शनास अगर बाळंतपणास इकडे येणाऱ्या मंडळींना एवढीच विनंती आहे: तिचा पंप, तिचा फवारा आणि डॉक्टरांच्या हातची औषधांची चिठ्ठी पिशवीत सर्वांत वर ठेवावी, आणि कोणाच्याही सांगण्यावरून ती औषधे परस्पर बंद करू नयेत. वेळणेश्वराहून चिपळूण दीड-दोन तासांच्या अंतरावर आहे, आणि मध्यरात्री एसटी नसते.